हीटर बिघडतो तो उन्हाळ्यात

गाडीचा हीटर गार पडला की लोक हीटरच्याच मागे लागतात. नॉब डावीउजवीकडे फिरवून पाहतात, ब्लोअर चारवर नेतात आणि शेवटी गॅरेजात जाऊन सांगतात, ‘हीटर तेवढा दुरुस्त करून द्या.’ पण जुन्या पेट्रोल गाडीत हीटर नावाचं स्वतंत्र यंत्र जवळजवळ नसतंच. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिच्यातली फार तर पाव ते एक तृतीयांश गाडी चालवायच्या कामी येते. उरलेली उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. या फेकून द्यायच्या उष्णतेतली थोडी केबिनमध्ये वळवली की झाला हीटर. इंजिनाभोवती फिरून तापलेलं पाणी दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये येतं, ब्लोअर त्यावर हवा मारतो आणि ती हवा आपल्या पायांवर आणि काचेवर येते. त्यामुळे हवा गार येत असेल तर आधी इंजिनाची चौकशी करायची: ते पुरेसं तापतंय का, आणि त्याचं तापलेलं पाणी आतपर्यंत पोचतंय का?

मला हे शिमल्यात कळलं. बँकेतल्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना नागपूरहून तिकडे बदली झाली. गाडी सोबत नेली. लहान, जुनी, पेट्रोलवरची, नागपुरातच एका ओळखीच्या गृहस्थांकडून घेतलेली. इंजिन गुळगुळीत, एसी झकास. नागपुरात जुनी गाडी बघायला जाणारा माणूस एसीच बघतो. हीटरची कळ आहे की नाही हेही कुणी पाहत नाही. ऑक्टोबर मजेत गेला. नोव्हेंबर संपता संपता सकाळी काचेवर पांढरा थर दिसू लागला, आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवूनही जी हवा यायची तिला फार तर ‘कमी गार’ म्हणता आलं असतं.

थंडी सोसता येते. कानटोपी, दोन स्वेटर, हातमोजे घालून माणूस गाडी चालवू शकतो. हीटर नसण्याचा खरा धोका समोरच्या काचेत आहे. सफरचंदाच्या बागांवरच्या कर्जांची पाहणी करायला मला ठियोग, मतियाना, नारकंडा या बाजूला जावं लागे. नारकंडा २७०० मीटरच्या आसपास उंचीवर. वाटेत फागू लागतं, तिथं धुकं असतंच. अशाच एका संध्याकाळी गाडीत आम्ही तिघं होतो, तिघांच्या श्वासाची वाफ काचेवर आतून बसत होती आणि ब्लोअरची कोमट हवा तिला हलवू शकत नव्हती. एका हातात फडकं, एका हातात स्टिअरिंग. डोंगराच्या सावलीतल्या वळणावर, जिथं दिवसभर ऊन येत नाही आणि रस्त्यावर बर्फाचा न दिसणारा पातळ थर धरतो, तिथं समोरून आलेली बस मला फार उशिरा दिसली. गाडी घसरली, कठड्याला मडगार्ड घासलं, थांबली. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी गाडी गॅरेजात नेली ती हीटरसाठी, मडगार्डसाठी नव्हे.

पहिल्या गॅरेजात बॉनेट उघडलंच नाही. तिथल्या मुलाने आत बसून हवा तपासली आणि सांगितलं, हीटरची कॉइल गेली, डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागेल, दोन दिवस गाडी ठेवा. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी परत घेऊन आलो. हा सल्ला चुकीचाच असतो असं नाही. कॉइल, म्हणजे तोच आतला छोटा रेडिएटर, खरंच फुटला असेल तर डॅशबोर्ड उतरवण्यावाचून बऱ्याच गाड्यांत इलाज नसतो. पण तो शेवटचा उपाय आहे. जुन्या गाडीचं प्लॅस्टिक उन्हाने कडक झालेलं असतं. डॅशबोर्ड काढताना त्याच्या आतल्या क्लिपा तुटतात, आणि मग हीटर सुधारला तरी गाडी जन्मभर खडखडते. कुणी निदान करण्याआधीच डॅशबोर्ड काढायचं बोलू लागला तर किल्ली परत मागावी.

दुसरे मिस्त्री शिमल्याजवळच्या ढल्लीच्या पुढे रस्त्याच्या कडेला होते. वयस्कर, सफरचंदांच्या पिकअप गाड्या आणि टॅक्स्या सांभाळणारे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी सांगितलं, ‘गाडी रातभर यहीं छोड़ दो, सुबह ठंडे इंजन पे देखूँगा.’ या एका वाक्यातच निम्मी विद्या आहे. हीटरचं निदान गार इंजिनापासून सुरू करावं लागतं. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे चेहरा भाजून घेणं. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं आणि झाकण सैल होताच ते उसळतं.

सकाळी त्यांनी जे केलं ते कुणालाही घरी करता येईल, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याची पातळी पाहिली. बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी दिसतं म्हणून रेडिएटरही भरलेला आहे असं समजू नये. झाकणाचं रबर सुकलं असेल तर टाकीतलं पाणी आत ओढलंच जात नाही. टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं पुष्कळदा असतं. हीटर हा या पाण्याच्या वाटेवरचा उंचावरचा भाग. पाणी थोडं कमी झालं की आधी हीटरमध्ये हवा शिरते, इंजिन तापण्याची तक्रार नंतर सुरू होते. त्यामुळे पूर्वी चांगला चालणारा हीटर अचानक गार झाला तर तो पाणी कुठेतरी गळत असल्याचा पहिला इशारा समजावा आणि त्याच दिवशी पातळी पाहावी. माझ्या गाडीत पाणी भरपूर होतं. फक्त त्याचा रंग गढूळ चहासारखा होता. उस्तादांनी बोट बुडवून वास घेतला आणि काही न बोलता फडक्याला पुसलं.

मग गाडी सुरू केली आणि रेडिएटरच्या वरच्या जाड नळीवर हात ठेवला. इथं थर्मोस्टॅटबद्दल बोलायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवर ही एक छोटी झडप असते. तिच्यात मेण भरलेलं असतं. इंजिन गार असताना झडप बंद, पाणी इंजिनातच आणि हीटरच्या वाटेने फिरत राहतं आणि लवकर तापतं. पाणी साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला पोचलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. त्यामुळे थर्मोस्टॅट धडधाकट असेल तर गार इंजिन सुरू केल्यावर वरची नळी पहिली काही मिनिटं गारच राहते आणि मग एकाएकी गरम होते. माझ्या गाडीची नळी पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेली. म्हणजे झडप उघडी अडकलेली, किंवा मुळात नाहीच.

डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या तापमानाचा काटाही हेच सांगत होता, मी वाचत नव्हतो इतकंच. चढावर तो जरा वर येई, उतारावर परत तळाला जाई. निरोगी गाडीचा काटा पाच-दहा मिनिटांत मध्याच्या जरा खाली येतो आणि तिथंच बसून राहतो. उतारावर, वेगात, समोरून गार वारा लागल्यावर काटा पडत असेल आणि हीटरही तेव्हाच गार होत असेल, तर बोट थर्मोस्टॅटकडे. याच्या नेमकी उलटी तऱ्हाही असते: सिग्नलला उभी असताना हवा गार आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गरम. तिथं थर्मोस्टॅटला दोष देऊ नये. पाणी कमी आहे, आत हवा अडकली आहे, किंवा वॉटर पंपाची पाती गंजून झिजली आहेत आणि कमी वेगात तो पाणी ढकलू शकत नाही. गाडी गार कधी होते आणि गरम कधी होते, एवढं नीट पाहून सांगितलं तरी मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगाची. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून दोन बारीक नळ्या आत जातात. त्या हीटरच्या. इंजिन पूर्ण तापल्यावर, हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवून, दोन्ही नळ्यांना हात लावायचा. दोन्ही चटका बसेल इतक्या गरम असतील तर पाण्याची बाजू ठीक आहे. दोष हवेच्या बाजूला, म्हणजे आतली हवेची वाट बदलणारी फळी फिरत नाही, तिची केबल निसटली आहे किंवा ब्लोअर दमला आहे. एक गरम आणि दुसरी गार असेल तर पाणी आत जातं पण पुढे सरकत नाही: कोअर, म्हणजे तीच कॉइल, तुंबला आहे, किंवा ज्या गाड्यांत हीटरच्या नळीवर स्वतंत्र वॉल्व्ह असतो तो गंजून बंद अडकला आहे. दोन्ही कोमट असतील तर गरम पाणी तिथवर येतच नाही. हात लावताना मफलर काढून ठेवा आणि बाह्या वर करा. बेल्ट फिरत असतो, आणि रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होतो.

माझ्या गाडीत एक नळी कोमट, दुसरी गार. म्हणजे दोन दोष एकदम: इंजिन तापत नव्हतं, आणि जे थोडं गरम पाणी येत होतं तेही कोअरमधून पार होत नव्हतं. थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत नुसतं रिकामं भोक. उस्ताद हसले. ‘साहब जी, गाड़ी नीचे की है ना?’ खालच्या, म्हणजे मैदानातल्या गाड्या त्यांच्याकडे अशाच येतात, म्हणाले. झडप काढलेली, पंखा डायरेक्ट केलेला, आणि काही गाड्यांत तर हीटरच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडून टाकलेल्या. वायर पाहिली. माझाही पंखा डायरेक्ट होता, किल्ली फिरवली की सुरू.

मी नागपूरच्या मिस्त्रींना फोन लावला. भांडायला नव्हे, जाणून घ्यायला. त्यांनी अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. आधीच्या मालकाच्या वेळी एका मे महिन्यात गाडी तापली होती, तेव्हा थर्मोस्टॅट काढला आणि पंखा डायरेक्ट केला. रेडिएटर जरा झिरपत होता म्हणून त्यात हळद टाकली. पुढे बाटलीतलं सीलरही टाकलं. ‘मग हीटरचं काय?’ मी विचारलं. ‘नागपुरात हीटर काहाले लागते भाऊ?’

त्यांच्या जागी त्यांचंही खरं होतं. ४५-४६ अंशांत रस्त्यात गाडी तापून उभी राहिलेल्या माणसाला आज संध्याकाळी घरी पोचायचं असतं. हळदीने झिरपणारी भेग बुजते, हे आपल्याकडच्या ड्रायव्हरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि ते खोटंही नाही. पण हळदीला भेग कुठली आणि वाट कुठली हे कळत नाही. चहाच्या गाळणीत साय धरते तशी ती हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत धरून बसते, कारण साऱ्या यंत्रणेत सगळ्यात अरुंद आणि सगळ्यात संथ वाट तीच. सीलरचंही तेच. त्यात बोअरचं जड पाणी; त्यातला क्षार आतून थर चढवतो आणि गंजाचा गाळ त्यावर बसतो. उन्हाळ्यात केलेल्या या प्रत्येक उपायाचं बिल हीटरच्या नावावर जमा होत होतं. नागपुरात ते कुणी मागायला आलं नाही, एवढंच.

थर्मोस्टॅट काढण्याने नुकसान फक्त हीटरचं होत नाही. इंजिन सतत गार राहिलं की पेट्रोल जास्त जळतं, कारण इंजिन अजून तापायचंय असं समजून त्याला जादा पेट्रोल दिलं जातं. ऑइलमध्ये ओल राहते आणि झाकणाखाली पिवळट साय धरते. भाग लवकर झिजतात. आणि गंमत अशी की काही इंजिनांची रचनाच अशी असते की थर्मोस्टॅट काढला तर पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरला टाळून बाजूच्या वाटेने फिरत राहतो. मग ज्या तापण्याला घाबरून तो काढला तेच तापणं चढावर परत येतं.

दुरुस्तीला डॅशबोर्ड उघडावा लागला नाही. हीटरच्या दोन्ही नळ्या बॉनेटखालूनच, पत्र्याच्या भिंतीपाशी सोडवल्या. जुन्या नळ्या कोअरच्या धातूच्या तोंडाला चिकटून बसलेल्या असतात. ओढल्या तर कोअरचं तोंडच वाकतं किंवा तुटतं, आणि मग डॅशबोर्ड उतरवणं आलंच. उस्तादांनी नळी आधी पिळून सैल केली. दुसरी सुटेना तेव्हा सरळ ब्लेडने कापली. नळी नवी मिळते. मग ज्या तोंडातून पाणी बाहेर यायला हवं त्यातून उलटं पाणी सोडलं, साध्या नळाचं, बेताच्या धारेने. आधी काहीच नाही. मग तपकिरी पाणी, मग पिवळसर गाळाचे तुकडे, मग मातीचं पाणी. थोडा वेळ उलट, थोडा वेळ सुलट, असं पाणी स्वच्छ येईपर्यंत. कार वॉशचं प्रेशर इथं वापरू नये. ही यंत्रणा साधारण एक किलोच्या दाबासाठी बनलेली असते, आणि जुना कोअर त्याहून जास्त दाबाखाली फुटतो. कुणी तेजाब टाकून साफ करू म्हणाला तरी नको म्हणा. बऱ्याच गाड्यांत कोअर अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आणि तेजाब अ‍ॅल्युमिनियम खातं.

नवा थर्मोस्टॅट बसवला. भाग काही शे रुपयांचा. बसवण्याआधी उस्तादांनी तो पातेल्यातल्या पाण्यात टाकून स्टोव्हवर ठेवला आणि पाणी उकळायच्या जरा आधी झडप उघडते ते मला दाखवलं. नवा भाग असला तरी हे पाहून घ्यावं. बाजारात नकली माल आहे. इथं शिमल्याचा एक बारकावा. २२०० मीटर उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी शंभरला नाही, ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग ढिली असेल तर ज्या गाडीला नागपुरात काही होत नव्हतं तिचं पाणी इथं चढावर उकळू लागतं. जुन्या गाडीने डोंगरात जाणाऱ्याने झाकण नवं घालावं. इतक्या थोड्या पैशांत इतका उपयोगी दुसरा भाग नाही. पंख्याची वायर मूळ स्विचवर परत आणली. तो स्विचही नवा लागला.

मग कूलंट. नुसतं पाणी शून्याला गोठतं आणि गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. त्या फुगण्याने रेडिएटर, कोअर, प्रसंगी इंजिनाचा ब्लॉकही तडकतो. इथिलिन ग्लायकॉलचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं घेतलं तर ते उणे ३५ पर्यंत गोठत नाही. ‘जास्त थंडी, म्हणून नुसतंच कूलंट भरू’ हा हिशेब उलटा पडतो. शुद्ध ग्लायकॉल उणे १२-१३ लाच गोठू लागतं. बाटलीवर नीट वाचा, कारण तयार मिश्रण आणि घट्ट कूलंट दोन्ही शेजारी शेजारी विकायला असतात, आणि तयार मिश्रणात पुन्हा निम्मं पाणी घालणारे लोक मी पाहिले आहेत. हिरवं, लाल, निळं हे रंग कंपन्यांच्या मर्जीचे. रंग जुळला म्हणून जात जुळली असं नाही. जुनं काय आहे ते माहीत नसेल तर सगळं काढून नवं भरावं. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. लहान मुलांनाही ते तितकंच घातक.

शेवटी आतली हवा काढली. याला घाई करणाऱ्यांचा हीटर दुरुस्तीनंतरही गार राहतो, आणि मग दोष नव्या भागावर येतो. गाडीचं नाक चढाकडे करून उभी करायची. शिमल्यात शोधावी लागते ती सपाट जागा, चढाला तोटा नाही. इंजिन गार असतानाच झाकण उघडायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, गाडी सुरू करून उभी ठेवायची आणि बुडबुडे येत जातील तसं कूलंट भरत राहायचं. वरची नळी गरम झाली, बुडबुडे थांबले, की झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी पुन्हा पाहायची. ती हमखास थोडी उतरलेली असते.

त्या संध्याकाळी मी हवेच्या जाळीत साधा थर्मामीटर खोचून पाहिला. काटा पन्नाशीच्या वर गेला. चांगल्या हीटरकडून एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

हे सगळं करूनही बुडबुडे थांबत नसतील तर मात्र सावध व्हा. टाकीत सतत बुडबुडे, कूलंट रोज कमी होणं पण जमिनीवर थेंबही नसणं, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि चढावर हीटर अचानक गार होणं: ही लक्षणं हेड गॅस्केट गेल्याची. जळलेला वायू पाण्यात शिरून हीटरमध्ये अडकतो. तिथं थर्मोस्टॅट, फ्लश, काही उपयोगाचं नाही, आणि असली गाडी डोंगरात न्यायची तर मुळीच नाही. गाडीत गोडसर वास येतो, समोरच्या काचेवर आतून तेलकट पापुद्रा धरतो, डावीकडच्या सीटच्या पायाशी गालिचा ओला लागतो? कोअर फुटला आहे. आता डॅशबोर्ड उतरवा. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरावर चालतो? रेझिस्टर जळला आहे, बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि बदलायला फार वेळ लागत नाही. हवाच कमी येते? केबिन फिल्टर असेल तर काढून पाहा. महाराष्ट्रातल्या गाड्यांत तो वर्षानुवर्षं कुणी पाहिलेला नसतो.

काचेवरच्या वाफेसाठी आणखी एक. हीटर चालू असताना एसीचं बटणही दाबा आणि बाहेरची हवा आत घेणारी कळ उघडी ठेवा. एसी हवेतली ओल काढून घेतो, हीटर ती कोरडी हवा तापवतो, आणि काच लगेच साफ होते. आतलीच हवा फिरवत ठेवली तर श्वासाची ओल आतच राहते. मात्र बाहेर शून्याच्या जवळ थंडी असली की एसीचा कॉम्प्रेसर सहसा लागतच नाही. तेव्हा भरवसा फक्त गरम हवेचा, म्हणून हीटर धडधाकट हवा.

आणि उभ्या गाडीत, बर्फात अडकल्यावर, इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपू नका. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो; त्याला रंग नाही, वास नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथं बर्फात अडकून २० हून अधिक माणसं दगावली, त्यांतली बरीच गाड्यांमध्येच. थंडीबरोबर या वायूचंही नाव तेव्हा घेतलं गेलं. थांबावंच लागलं तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने काढा, एक काच बोटभर उघडी ठेवा, आणि इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा. सिगडी किंवा शेगडी गाडीत कधीच नको.

पुण्या-नाशिकहून, नागपूर-अकोल्याहून जुन्या गाड्या घेऊन मनाली, स्पिती, लडाखकडे जाणारे आता पुष्कळ आहेत. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून तर लाहौलात भर हिवाळ्यातही पर्यटक पोचतात. त्यांना माझी विनंती एवढीच की निघण्याच्या महिनाभर आधी, आपल्या गावच्या उकाड्यातच, एकदा हीटर पूर्ण गरमवर लावून पाहा. घाम फुटला पाहिजे. नाही फुटला तर मिस्त्रीला तीन प्रश्न विचारा: थर्मोस्टॅट आहे का, पंखा डायरेक्ट आहे का, हीटरच्या नळ्या जोडलेल्या आहेत का. या तिन्हींची उत्तरं बॉनेटखाली उभं राहून मिळतात. लाहौलातल्या कीलाँगच्या रस्त्यावर ती शोधायला वेळही नसतो आणि सुटा भागही मिळत नाही.

निवृत्तीनंतर मी गाडी नागपूरला परत आणली. पहिल्याच सर्व्हिसिंगला मिस्त्री म्हणाले, ‘आता थर्मोस्टॅट काढून टाकू भाऊ.’ मी नको म्हटलं आणि त्या पैशांत रेडिएटर बाहेरून-आतून साफ करून घेतला. मे महिन्यात, सीताबर्डीच्या गर्दीत, एसी लावूनही काटा मध्याच्या वर गेला नाही. तुमचे मिस्त्रीही काढू म्हणतील. नको म्हणा.